उरलेल्या चार तासिका

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली, तेव्हा त्याच्या पदरी एकही शिक्षक नव्हता. कुलगुरू होते, सिनेट होती, परीक्षक होते. शिकवणारा मात्र कोणी नव्हता, कारण शिकवणे हे विद्यापीठाचे कामच नव्हते. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर ते उभे केले होते: महाविद्यालये संलग्न करायची, परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांना विद्यापीठाने पदवी दिली, पण शिकवले नाही.

एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हा आकडा आज प्रत्येक महाविद्यालयाच्या मूल्यांकन अहवालात असतो. माहितीपत्रकात तो ठळक छापतात. त्याचा उगम शोधू लागले की आधी ही रिकामी जागा लागते. आपल्याकडे विद्यापीठ आधी आले आणि विद्यापीठाचा शिक्षक नंतर आला. या क्रमाचा परिणाम किनाऱ्यावरच्या मुरुडसारख्या गावात मला आजही दिसतो.

मुरुड तेव्हा जंजिरा संस्थानात होते. पुढे नवाबाचा वाडा गावाबाहेरच्या टेकडीवर उभा राहिला, नवाब सिद्दी अहमदखान यांच्या नावाचे सर एस. ए. हायस्कूल गावात झाले. मुंबईच्या विद्यापीठाशी अशा गावाचे नाते कित्येक दशके एकाच धाग्याने बांधलेले होते, तो म्हणजे मॅट्रिकची परीक्षा. १९४९ मध्ये एस.एस.सी. सुरू होईपर्यंत ही परीक्षा विद्यापीठच घेत असे. मुरुडच्या मुलाला विद्यापीठ भेटायचे ते प्रश्नपत्रिकेच्या रूपाने. प्राध्यापक पाहायचा तर समुद्रमार्गे मुंबई गाठायला हवी.

मुंबईत प्राध्यापक होते, पण कोण होते? १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ शहरातल्या लोकांनी दोन लाखांवर रुपये जमवले. हा पैसा पुतळ्यापेक्षा प्राध्यापकांच्या जागांसाठी वापरायचे ठरले. १८३५ मध्ये ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोघे त्या पैशावर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला इंग्लंडहून आले. त्याच सुमारास सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर असिस्टंट प्रोफेसर झाले. या पदावर नेमलेले ते पहिले भारतीय. पुढे १८५० च्या दशकात दादाभाई नौरोजी गणिताचे पूर्ण प्राध्यापक झाले. वर्गणी भारतीयांची, वरची खुर्ची युरोपियनाची आणि ‘असिस्टंट’ची जागा इथल्या माणसाची. शिक्षकवर्गाची ही उतरंड विद्यापीठाच्या जन्मापूर्वीच पक्की झाली होती.

भांडारकरांची गोष्ट या मागोव्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते. विद्यापीठाचा पहिल्या चारांतला पदवीधर, संस्कृतचा युरोपभर मानला गेलेला पंडित. पण एल्फिन्स्टन कॉलेजात त्याने संस्कृत शिकवले ते हंगामी प्राध्यापक म्हणून. कायमची नेमणूक करायची वेळ आली तेव्हा पीटर पीटरसन यांना आणले गेले आणि भांडारकरांना पुन्हा दुय्यम जागी बसावे लागले. पुढे ते डेक्कन कॉलेजात गेले आणि १८९३ मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कुलगुरूपद त्यांना मिळू शकत होते. प्राध्यापकाच्या कायम जागेसाठी मात्र थांबावे लागले. महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात हंगामी शिक्षक हा अलीकडच्या आर्थिक ओढगस्तीतून आला असे आपण समजतो. तो इतका जुना आहे.

१८९६ मध्ये सरकारने या उतरंडीला अधिकृत रूप दिले. इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस ही वरची सेवा, तिची भरती इंग्लंडात; प्रांतिक सेवा खालची, ती इथल्या लोकांसाठी. काम तेच, वर्ग तोच, पगार वेगळा. १९२४ च्या सुमारास वरच्या सेवेतली भरती थांबली, पण एकाच खोलीत दोन दर्जांचे शिक्षक ठेवायची सवय मागे राहिली.

या उतरंडीला उत्तर पुण्याने आधीच दिले होते. २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांच्या बळावर. वीस वर्षे शिकवायचे आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर राहायचे, असे ते बंधन होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ते पाळले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि तिथून याच कॉलेजात परत आले. टिळकांनी राजीनामा दिल्यावर गणित शिकवायला १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. (कर्व्यांचे मुरुड दापोलीजवळचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. आमच्या जंजिऱ्याच्या मुरुडशी त्याची गल्लत नेहमी होते, म्हणून सांगितले.) या पद्धतीचे गोडवे त्यागासाठी गायले जातात. मला तिच्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. वीस वर्षे तोच माणूस त्याच फळ्यासमोर उभा राहणार, हे विद्यार्थ्याला आणि संस्थेला आधीच ठाऊक असे. कमी पगार ही तिची किंमत होती. टिकून राहणे ही तिची कमाई.

आमच्या मुरुडचाही या गोष्टीत एक धागा आहे, आणि तो स्त्री-शिक्षकांचा आहे. जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम नाझली रफिया हिची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेली. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायचे होते. प्रकृतीमुळे ते पुरे झाले नाही. तिची तिथली रोजनिशी पुढे उर्दूत पुस्तकरूपाने आली. एक मुस्लिम तरुणी शिक्षिका होण्यासाठी एकटी समुद्रापार जाते, हे त्या काळात लहान नव्हते. शिक्षकवर्ग कसा असावा या प्रश्नात बाई कुठे आहे, हे विचारायला आपल्या विद्यापीठांना त्यानंतरही फार वेळ लागला. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये शंभर पुरुष अध्यापकांमागे ६३ स्त्रिया होत्या. २०२१-२२ मध्ये त्या ७७ झाल्या. सात वर्षांत चौदांची ही वाढ मला मोलाची वाटते, कारण ती कोणी वरून ओतलेली नाही. मुली शिकल्या, नेट-सेटच्या पात्रता परीक्षा पास झाल्या आणि फळ्यापाशी आल्या.

विद्यापीठाने स्वतः शिकवायला हवे, हा विचार मुंबईत विसाव्या शतकात रुजला. जर्मनीत बर्लिनच्या विद्यापीठाने १८१० पासून शिकवणे आणि संशोधन एका छताखाली आणले होते. ज्या लंडनची आपण नक्कल केली, ते लंडनही १९०० मध्ये शिकवणारे विद्यापीठ बनले. मुंबईत १९१९ मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस आले, त्यांच्यानंतर समाजशास्त्रज्ञ घुर्ये. पण महाविद्यालये वेगळी आणि विद्यापीठ वेगळे, ही फट बुजली नाही. १९२४ मध्ये चिमणलाल सेटलवाड समितीने विद्यापीठ सुधारणेबद्दल मते मागवली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या फटीवरच बोट ठेवले. पदवीचे शिक्षण महाविद्यालयाकडे आणि पदव्युत्तर शिक्षण व संशोधन विद्यापीठाकडे अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. दोन्ही एकमेकांत मिसळले तरच दोन्ही जगतील, असे त्यांचे म्हणणे होते. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि तिथल्या शिक्षकांच्या खोलीत पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता. शिक्षकवर्गात कोण बसते आणि कोणाला बसू दिले जात नाही, हे त्यांना अहवालातून शिकायची गरज नव्हती.

स्वातंत्र्यानंतर आकडा प्रथमच धोरणात आला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने संलग्न महाविद्यालयात १,५०० पेक्षा जास्त विद्यार्थी नकोत असे सुचवले. प्राध्यापक, प्रपाठक, अधिव्याख्याता आणि निदेशक अशा चार पायऱ्या सांगितल्या. वर्षाला निदान १८० दिवस शिकवावे, लहान गटांना ट्युटोरियल द्यावे, असेही सुचवले. त्याआधी एक वर्ष जंजिरा संस्थान विलीन होऊन मुरुड कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातला तालुका झाला होता. १८० दिवसांचा आकडा नियमांत अजून जिवंत आहे. ट्युटोरियलचे लहान गट वेळापत्रकातून केव्हाच गेले.

पुढे राज्य सरकारने अनुदानित महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचा पगार आपल्या तिजोरीतून द्यायला सुरुवात केली आणि विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचे सारे गणित बदलले. बाहेरच्या माणसाला वाटते की विद्यार्थी मोजायचे, ठरलेल्या आकड्याने भागायचे, तेवढे शिक्षक नेमायचे. तसे होत नाही. इथे मोजतात कार्यभार. स्टाफरूममधला शब्द वर्कलोड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचे. मुंबई विद्यापीठातली तासिका ४८ मिनिटांची. १६ तासांच्या ९६० मिनिटांना ४८ ने भागले की २० येतात. म्हणजे २० तासिका भरल्या तर एक पूर्ण जागा.

आता एक विषय घ्या. समजा इतिहास. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एक पेपर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन; एकूण सहा. प्रत्येकाच्या आठवड्याला चार तासिका, म्हणजे चोवीस. वीस तासिकांवर एक जागा मिळाली. उरल्या चार. या चार तासिकांसाठी पूर्ण माणूस मिळत नाही. मग तासिका तत्त्वावर कोणीतरी घेतला जातो. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. दिवाळीच्या सुट्टीत काही नाही, उन्हाळ्यात काही नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत.

या गणितात विद्यार्थी कुठे आले? जवळजवळ कुठेच नाहीत. कला-वाणिज्याची तुकडी १२० ची. वर्गात १२० मुले असोत की वीस, चार तासिका त्या चारच. मुंबईच्या उपनगरात त्याच इतिहासाच्या जागेमागे वर्ग भरून वाहतो. किनाऱ्यावरच्या गावात त्याच जागेमागे तीन वर्षांचे मिळून साठ विद्यार्थी असतील. कागदावर दुसऱ्या ठिकाणचे प्रमाण हेवा वाटावा असे दिसेल. ते चांगल्या शिक्षणामुळे तसे झालेले नसते. मुले कमी म्हणून भागाकार लहान आला. म्हणून लहान गावातल्या महाविद्यालयाचे प्रमाण चांगले आहे असे कोणी सांगितले, तर मी आधी विचारतो की तुकडी किती भरली आणि उरलेल्या तासिका कोण घेतो.

देशाच्या आकड्याचेही असेच आहे. २०२१-२२ च्या सर्वेक्षणात उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आणि १५ लाख ९८ हजार अध्यापक नोंदले आहेत. भागाकार सत्तावीसच्या आसपास येतो. पण त्या विद्यार्थ्यांत घरी बसून दूरशिक्षण घेणारेही आहेत. ते वजा केले की आकडा उतरतो. तासिकावाल्याला धरायचे की सोडायचे, यावरही तो हलतो. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, पंधरा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असला की या घटकाचे पूर्ण गुण मिळत, पन्नासामागे एकही नसला तर शून्य. आणि भेट द्यायला येणारे अध्यापक हिशेबात घेत नाहीत. २०१६ पासून ही क्रमवारी निघते आणि तेव्हापासून हा आकडा जाहिरातीच्या कामाचा झाला आहे.

अभियांत्रिकीत तो आणखी सहज वाकतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. रायगड जिल्ह्याच्या वाट्याला १९८९ मध्ये लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आले, म्हणजे निवासी, शिकवणारे विद्यापीठ अखेर या जिल्ह्यात उभे राहिले. अभियांत्रिकीसाठी पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा दंडक होता. २०१८-१९ पासून परिषदेने तो विसावर नेला. एकही वर्ग बदलला नाही, पण एका वर्षात अनेक शिक्षक ‘जादा’ ठरले.

अनुदानित महाविद्यालयांत जागा रिकामी राहण्याचे कारण आणखी वेगळे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न राज्यात वर्षानुवर्षे लोंबकळला. २०१३ मध्ये एमफुक्टो या प्राध्यापकांच्या संघटनेने त्यावरून परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. २०१७ मध्ये राज्याने पदभरतीला लगाम घातला. पुढच्या वर्षी सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला मान्यता मिळाली, म्हणजे रिक्त जागांच्या चाळीस टक्के. त्याही सगळ्या भरल्या नाहीत. उरलेल्या २,०८८ जागांसाठी २०२१ मध्ये पुन्हा परवानगी काढावी लागली. एक प्राध्यापक निवृत्त झाला की जागा मरत नाही, ती मंजूर असते. फक्त तिच्यावर बसणारा तासिकावाला होतो. मग चार तासिकांसाठी काढलेला मार्ग वीसच्या वीस तासिकांसाठी वापरला जातो. कंत्राटी नेमणुका एकूण जागांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात ही मर्यादाच गाळली होती.

मुरुडमध्ये आज वसंतराव नाईक महाविद्यालय आहे, अंजुमन इस्लाम जंजिराचे विज्ञान महाविद्यालय आहे. राजपुरी, नांदगाव, आगरदांडा, कोर्लई अशा गावांतल्या कोळी, आगरी, कोकणी मुसलमान घरांतल्या मुलामुलींना पदवीसाठी गाव सोडायची सक्ती उरलेली नाही. हे मिळवायला शंभर वर्षे लागली. यातल्या किती मुली घरच्यांनी मुंबईला पाठवल्या असत्या, याचा विचार केला की या महाविद्यालयांचे मोल कळते. अशा गावांतल्या महाविद्यालयांचे खरे दुखणे प्रमाणात दिसत नाही. मुरुडला रेल्वे नाही, अलिबागहून रेवदंडा, काशीद करत एसटीने यायचे. तासावर पैसे मिळवणारा नेट-सेट झालेला तरुण दोन तासिकांसाठी रोज हा रस्ता किती वर्षे करील? पनवेलच्या बाजूला एखादी बरी संधी मिळाली की तो जातो, आणि त्याने जावे. मागे राहतो तो विद्यार्थी, ज्याला पहिल्या वर्षी एकाने शिकवले, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने. शिफारसपत्र मागायला, एम.ए. कुठे करू विचारायला, फॉर्मवर सही घ्यायला त्याच्यापाशी ओळखीचा कोणी नाही. शहरातल्या मुलाला हे घरातून मिळते. किनाऱ्यावरच्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला ते फक्त महाविद्यालयातून मिळू शकते, आणि तेही टिकून राहिलेल्या शिक्षकाकडून. मूल्यांकनाच्या तक्त्यात अध्यापकांच्या सरासरी अनुभवाचा रकाना आहे, पण त्यात फक्त पूर्णवेळ शिक्षक मोजतात. जो दर वर्षी बदलतो, त्याचा बदल कुठेच नोंदला जात नाही.

यावर उपाय नाही असे मी मानत नाही. उरलेल्या चार तासिकांचे गणित पुन्हा पाहा. मुरुडला चार, अलिबागला चार, रोह्याला चार, श्रीवर्धनला चार, म्हसळ्याला चार. पाच ठिकाणच्या मिळून वीस होतात. म्हणजे इतिहासाची एक पूर्ण, कायम, पगारी जागा. आठवड्याचे पाच दिवस, पाच गावे, दिवसाला चार तासिका. आगरदांडा ते दिघी फेरीबोट गाड्यांसकट माणसे नेते, त्यामुळे श्रीवर्धनची बाजू मुरुडला पूर्वीइतकी लांब नाही. असा शिक्षक मुरुडला आठवड्यातून एकच दिवस दिसेल. पण दहा वर्षांनीही तोच दिसेल. मुंबईत याच विचाराच्या जवळ जाणारी गोष्ट झालेली आहे: एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षणाचे शासकीय महाविद्यालय यांचा समूह करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ २०१९ मध्ये उभे राहिले. ती चारही सरकारी होती, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती, म्हणून सोपे गेले.

किनाऱ्यावर तसे नाही. पाच गावांत संस्थाचालक वेगळे, आरक्षणाची बिंदुनामावली प्रत्येकाची वेगळी, एखादा अभ्यासक्रम अनुदानित तर शेजारचा कायम विनाअनुदानित. सेवापुस्तक कोणी ठेवायचे, पगार कोणाच्या बिलात काढायचा, राखीव जागा कोणाच्या खात्यात धरायची, हे प्रश्न खरे आहेत आणि कोकण विभागाच्या सहसंचालक कार्यालयात ते पहिल्याच दिवशी विचारले जातील. त्यांची उत्तरे लिहून काढणे हे एका उन्हाळी सुट्टीचे काम आहे. ते करायला पाच प्राचार्य एका टेबलाशी बसायला हवेत, आणि बैठक अलिबागला न ठेवता मुरुडला ठेवावी, म्हणजे प्रत्येकाला तो रस्ता स्वतः करून यावे लागेल.